सगळीकडे बाबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि खरं म्हणजे तिलाच आधी कळायला हवं होतं.

मी पटकथा लिहितो. माझा पहिला सिनेमा कदाचित तुम्ही पाहिला असेल. त्यातला बाप लोकांच्या लक्षात राहिला; घाटकोपरच्या चाळीतला, पोराच्या हातावर तापलेलं उलथणं ठेवणारा. हे तुमचंच बालपण का, असं सगळे विचारतात. मी हो म्हणतो. मनगटावरचा डागही दाखवतो.

पटकथेत एक साधी शिस्त असते. पात्राला पहिल्या पानावर जे नाव दिलं, तेच शेवटपर्यंत. कुठे 'बाबा', कुठे 'वसंत' असं लिहिलंत, तर शूटिंगची यादी करणारा दोन नट बोलावून बसेल. मला हे पाठ होतं. तरी माझ्या पानांत गडबड झाली — की मी केली? अजून ठरवता येत नाही.

अंधेरीच्या ऑफिसातून असिस्टंट मुलीचा फोन आला. "सर, वाट लागलीये. सीन बारामध्ये उलथणं आईच्या हातात आहे, तेरामध्ये बाबाच्या. मारतंय कोण नक्की? एक काय ते फिक्स करा ना."

मारतंय कोण — मला माहीत नव्हतं का? आई मारायची. बाबा साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून यायचे आणि काही न बोलता माझ्या हाताला मलम लावायचे. पहिला खर्डा मी खराच लिहिला होता. मग आई हा सिनेमा बघणार, हे डोक्यात आलं आणि एकेका पानावर आईच्या जागी बाबा लिहीत गेलो. तिशीतला माणूस — आईच्या नजरेला टरकलो. काही पानं बदलायची राहून गेली होती.

फोनवर खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणालो, "सगळीकडे बाबा कर."

कारण ते काही बोलणार नाहीत, याची मला खात्री होती.

सिनेमा बघून निघालो तेव्हा आई पुढच्या रिक्षात होती. बाबा माझ्या शेजारी. ते मालवणीत एवढंच म्हणाले, "तिचां नाव खंय इलां नाय, बरां केलंस." आईचं नाव कुठे आलं नाही, याचंच त्यांना बरं वाटलं होतं. आणि सांगायला लाज वाटते, मला सुटल्यासारखं वाटलं.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. आता भीती कुणाची? तरी मी गप्पच. बाबा मुलुंडला आमच्याकडे राहायला आलेत. बायकोनं तो सिनेमा लग्नाआधीच पाहिला होता. ती त्यांच्याशी वाईट वागत नाही. चहा, औषधं, सगळं वेळेवर. फक्त आमच्या तीन वर्षांच्या मुलीला त्यांच्याजवळ एकटं सोडत नाही. बाजारात जायचं झालं तर तिला शेजारच्या काकूंकडे ठेवते — बाबा घरात असताना.

परवा मुलगी पडली. गुडघा फुटला, आणि ती रडत आजोबांकडेच धावली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बायको स्वयंपाकघरातून आली, तिला उचलून आत घेऊन गेली. बाबांनी हात मांडीवर ठेवले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी समोरच बसलो होतो. काही बोललो नाही.