शेवट सांगू नोका

दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही अंगठे कानांवर घट्ट दाबलेले आणि मधे पेपरवेटखाली उघडं पुस्तक. जेवणाच्या सुट्टीत आमच्या कचेरीतले काका असे वाचायला बसत. पान उलटायचं म्हणजे एक अंगठा सोडावा लागे, आणि आम्ही त्याच क्षणावर टपलेले असायचो.

"शेवट सांगू नोका रे बाप्पा!" ते आधीच ओरडायचे.

ऐंशीच्या दशकात सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात, बोथच्या एका सरकारी कचेरीत मी नवा कारकून म्हणून लागलो, तेव्हा काका तिथे मुरलेले होते. कचेरीचा कारभार तेलुगूत, साहेबाशी बोलणं हिंदीत आणि मराठी कादंबरी म्हणजे सणासुदीची गोष्ट. कोणी नागपूरला नाहीतर किनवटला गेलं तर एखादी घेऊन यायचं. मग ती गावभर फिरायची. आधी शाळेतले मास्तर, मग पोस्टमास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर, आम्ही सगळे आणि सर्वांत शेवटी काका. कारण साधं होतं. काका ओठ हलवत, चवीने वाचत. संक्रांतीला त्यांच्या हाती गेलेलं पुस्तक पोळ्याला परत आलं तरी नशीब म्हणायचं.

त्यामुळे पुस्तक काकांकडे पोचेपर्यंत त्याचा शेवट अख्ख्या बोथला पाठ झालेला असे. आणि काकांची आयुष्यातली इच्छा एकच. एक तरी कादंबरी अशी वाचायची, की शेवटाला आपण आपल्या पायांनी पोचू.

आम्ही कसले पोचू देतो! त्यांच्या या इच्छेवर आमचा चहा चालायचा.

"काका, चहा सांगता, का डाक्टर मरते ते सांगू?" एकदा एक सहकारी म्हणाला.

काकांनी डोक्यावर हात मारला. "सांगून टाकलं ना लेका! आता कायचा चहा?"

आमचा शिपाई राजन्ना. त्याला मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण तोही दारातून हळहळत म्हणाला, "डॉक्टर सच्चिपोयिंडु, सार!" म्हणजे तेलुगूतही डॉक्टर मेलाच. काकांनी त्या दिवशी पुस्तक मिटलं. चहा मात्र त्यांनीच पाजला.

एकदा वरंगलकडचे नवे साहेब अचानक आत आले. बघतात तो कचेरीतला सर्वांत जुना माणूस कान धरून बसलेला. साहेब गडबडले. "अरे, माफी किस बात की? जाने दो, जाने दो." काकांनी अंगठे काढले नाहीत. त्यांना वाटलं, साहेबांनीही ती कादंबरी वाचली आहे.

नव्वदच्या दशकात काका निवृत्त झाले. निरोपाला शाल आणि नारळ होताच, पण आम्ही आणखी एक बेत केला. नागपूरला निघालेल्या सहकाऱ्याला बजावलं, अगदी नवी निघालेली कादंबरी आण आणि वाटेत उघडलीस तर बघ. बिचाऱ्याने बोथसाठी गाडी बदलायला नेरडीगोंड्याला उतरेपर्यंत पुडकं मांडीवरून हलवलं नाही.

काकांनी शाल खांद्यावर घेतली, नारळ बाजूला ठेवला आणि पुडकं सोडलं. तेव्हा काही पुस्तकांची पानं कडेला जोडलेली असायची, पट्टीने कापत वाचावी लागत. हे तसंच होतं.

"कोनंच नाई वाचलं?" काकांनी विचारलं.

"कोनंच नाई, काका."

त्यांनी जोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि तोंड खिडकीकडे केलं.

पुढे दर आठवडी बाजाराला काका आपल्या गावाहून, बाजारहत्नूरहून, बसने यायचे आणि कचेरीत टेकून तोवर वाचलेली गोष्ट सांगायचे. घरातून नाहीसा झालेला भाऊ कैक वर्षांनी परत येतो. घरची शेती करतो, सगळ्यांना हवाहवासा होतो. पण तो खरा भाऊ की कोणी तोतया? कचेरीत दोन तट पडले. राजन्ना खऱ्याच्या बाजूने होता.

"काका, मंग शेवटी काय निघालं?"

काका पाय पसरून बसायचे. "चहा सांगा."

चहा यायचा, भजी यायची. काका मिशा पुसायचे. "पुढच्या बाजारी सांगतो."

असं वर्षभर चाललं. आम्ही चिडायचो, हसायचो आणि पुन्हा चहा सांगायचो. मग एका बाजाराला काका आले नाहीत. त्याच्या पुढच्या बाजाराला निरोप आला, झोपेतच गेले.

आम्ही सगळे बाजारहत्नूरला गेलो. निघताना त्यांच्या सुनेने ती कादंबरी आणून दिली. पट्टीने नीट कापलेली पानं, आणि शेवटची काही जोडलेली तशीच.

"शेवट वाचलाच नाई मामाजीनं," ती म्हणाली. "मी म्हनलं, काऊन ठेवता, वाचून टाका ना एकदाचं. तं म्हने, सरलं की माह्याजवळ काय राह्यते? आन बोथचा चहा बी बंद होते."

म्हणजे ज्या शेवटासाठी आम्ही वर्षभर चहा पाजला, तो या माणसाला स्वतःलाच ठाऊक नव्हता! त्या दुखवट्याच्या घरात आम्ही मोठ्याने हसलो, आणि ती सूनही हसली. काकांची आठवण मला त्या हसण्यासकट येते.

कचेरीत परतल्यावर कोणीतरी पट्टी काढली. पानांना लावणार, तोच राजन्नाने दोन्ही अंगठे कानांवर दाबले आणि डोळे मिटून घेतले. पट्टी मुकाट्याने परत ड्रॉवरमध्ये गेली.

पुस्तक आता माझ्याकडे आहे, पानं जोडलेलीच आहेत. छापील पुस्तक आहे, दुकानात विकलं गेलेलं. तुमच्यापैकी कोणी ते वाचलं असेल, तो भाऊ खरा होता की खोटा हे तुम्हाला माहीतही असेल.

सांगू नोका रे बाप्पा!