सोमानं सांगितलेली वाक्यं

तीन वर्षं एकाच कामावर राबलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, डब्याच्या वेळी आपोआप निघतात. हल्ली आम्ही ते टाळतो. कारण प्रत्येकात सोमा येतो, आणि सोमा आता नाही.

आमचं काम म्हणजे मराठी, कोलामी, गोंडी आणि बंजाऱ्यांची गोरबोली या भाषा शेजारी-शेजारी मांडायच्या. कुठं लिंगं किती, वचनं किती, काळ कोणते. कोलामीची सगळी वाक्यं सोमानं दिली. वणीकडं एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीत, तो राहायचा.

*

कोलामीत सांगायच्या वाक्यांची प्रश्नावली दिल्लीहून आलेली! पहिलंच वाक्य, 'डोंगरावरचा बर्फ वितळला.' सोमा माझ्याकडं बघतच राहिला.

"सर, बरफ तं रसवंतीवर भेटते. डोंगरावर कोनं नेऊन ठेवला?"

*

लिंगाचा तक्ता भरताना कळलं, कोलामीत पुरुष एका गटात. बाई, बैल, झाड सगळे दुसऱ्या गटात. आमच्या प्रमुख मॅडम चिडल्याच. "अरे, बाई आणि बैल एकाच रांगेत?"

चुलीपाशी बसलेली सोमाची बायको म्हणाली, "तुमच्या मराठीत बाईची रांग अल्लग हाय ना, मॅडम? मंग घरी पाणी कोन भरते?"



*

एकदा वाक्य आलं, 'माझी आई मेली.' सोमाची माय समोरच तूर निवडत बसलेली. सोमा काही केल्या तोंड उघडेना.

"बरं, शेजाऱ्याची आई म्हण," मी म्हटलं.

"तो कुऱ्हाड घेऊन येईन ना, सर!"

शेवटी मॅडम म्हणाल्या, "माझी आई घे. ती गेलीय."

सोमानं वाक्य सांगितलं. मग हळूच विचारलं, "कधी गेल्या, मॅडम?" त्या दिवशी पुढं काम झालंच नाही.

*

कपाशीच्या फवारणीला सोमा मजुरीनं गेलता. तिथं औषध अंगात भिनलं. चौथ्या दिवशी गेला. धडधाकट पोरगा हो!

पंधरा दिवसांनी त्याची माय दोन एसट्या बदलून लोहाऱ्याला आमच्या ऑफिसात आली. खाली बसली नि म्हणाली, "साहेब, पोराचा आवाज आयकवा."

आवाज नव्हता. आमची पद्धतच तशी. वाक्य वहीत उतरवलं, तक्त्यात खूण केली, की मोबाइलमधलं रेकॉर्डिंग पुसायचं. जागा पुरत नाही ना! आणि पुसणारा मीच. मला फार लाज वाटली. कसंबसं सांगितलं.

ती उठली नाही. "लिवून तं हाय ना? मंग वाचा."

मी वही काढली. 'आम्ही जेवलो' हे सोमाचं वाक्य कोलामीत वाचलं. तिनं मान हलवली.

"तो असा नाही म्हने. हळू म्हने."

पुन्हा वाचलं.

"शेवटी जरा वढून."

पुन्हा. मॅडम उठून बाहेर गेल्या. दहाव्यांदा की बाराव्यांदा, म्हातारीनं डोळे मिटले.

"हां. आता पुढचं वाचा."