टॉवेलाखालचा कुलगुरू

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीहून वडूजच्या एसटीत बसलो होतो आणि निघालो होतो त्याच्याच कामाला. खिडकीशी तोंड करून थोडा रडलो. मग त्याच्या एकेक करामती आठवत गेल्या आणि हसू आवरेना. शेजारच्या बाईंनी पिशवी उचलून दुसरी सीट गाठली.

दिनकरचे वडील जनावरांच्या बाजारातले दलाल होते. हातावर टॉवेल टाकायचा आणि त्याखाली समोरच्याची बोटं दाबून बैलाचा भाव ठरवायचा, ही तिथली रीत. भोवतीच्या माणसांना काही कळत नाही. दिनकर लहानपणापासून वडिलांच्या मागं उभा राहून हे बघत आला. पुढं त्यानं पीएच.डी.चा विषयही तोच घेतला: भाव झाकून का करतात? तोंडी परीक्षेत परीक्षकांनी आकृती काढायला सांगितली, तर या पठ्ठ्यानं खिशातला रुमाल त्यांच्या हातावर टाकून बोटं दाबली. पदवी कशी मिळाली, देव जाणे. त्याचं म्हणणं एवढंच होतं की भाव झाकायचा नसतो, झाकायची असते माघार. चारचौघांत खाली उतरायला माणसाला लाज वाटते.

सांगलीत आम्ही एकाच कॉलेजात शिकवलं. पुढं तो कुलगुरू झाला आणि पहिल्याच वर्षी ग्रंथालयाचा तंटा उभा राहिला. परीक्षा तोंडावर आलेली, मुलांना रात्री दहापर्यंत अभ्यासिका हवी, आणि कर्मचारी सहाच्या पुढं एक मिनिट थांबायला तयार नाहीत. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी फाटकावर भाषणं ठोकलेली, त्यामुळं कुणालाच वाकता येईना. दिनकरनं दोघांना केबिनमध्ये बोलावलं, कपाटातून वडिलांचा जुना टॉवेल काढला आणि म्हणाला, "एक बोट म्हंजे सहाच्या फुडं एक तास. हात घाला आत." कुलसचिवांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणे. चहा निवायच्या आत सौदा ठरला आणि दुसऱ्या दिवसापासून अभ्यासिका नऊपर्यंत उघडी राहिली. बाहेर पत्रकारांनी विचारलं, माघार कुणी घेतली? तो म्हणाला, "ते टावेलाला ठावं."

निवृत्तीनंतर लोक पुण्यात फ्लॅट घेतात, हा वडूजला परतला. गावातल्या पोरापोरींसाठी दर शनिवारी अर्थशास्त्राचा फुकट वर्ग काढला. कॉलेजात शिक्षक मिळेना, म्हणून अर्थशास्त्राला रामराम ठोकणारी ही पोरं. मलाही ये म्हणून तो सारखा मागं लागे. मी गुडघे, एसटी, दुपारची झोप अशी एकेक सबब काढत राहिलो. खरं सांगायचं तर आयुष्यभर शिकवून मी कंटाळलो होतो.

मिरजेच्या दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा नळीमुळं त्याला बोलता येत नव्हतं. सुमनवहिनी म्हणाल्या, "आवं, सारखी त्या वर्गाचीच काळजी लागलीया. नळी घालायच्या आदी बी, बंद पडंल म्हणत व्हते." मी कॉटवर टेकलो. पांघरुणाखालून त्याचा हात आला आणि त्यानं माझी चार बोटं दाबली... महिन्याचे चारी शनिवार. मी त्याचं एक बोट धरलं. त्यानं मान हलवली आणि तीन दाबली. डोळे असे चमकत होते, जणू समोर खिलारी खोंड उभा आहे. नर्स ओरडली, पेशंटचा हात ओढू नका. शेवटी दोनावर सौदा ठरला आणि त्यानं समाधानानं डोळे मिटले. मी बाहेर येऊन वहिनींना सांगितलं, आमचं ठरलं. त्या रडता रडता हसल्या.

तर त्या दिवशी एसटीत मी होतो तो याच कामासाठी. फोन आला तरी परत फिरलो नाही. आधी वर्ग घेतला, मग त्याच्या घरी गेलो. त्याला हेच आवडलं असतं, याबद्दल मला जराही शंका नाही.

दिनकरनं वर्गातल्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला वडिलांचा तो टॉवेल अजून आहे, वहिनी धुऊन तिथंच ठेवतात. परवा कबूल केलेला दुसरा शनिवारही झाला. वर्ग सुटल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी दप्तर न उचलता बसून राहिली. म्हणाली, "सर, फुडच्या शनवारी तुमी येनार न्हाई व्हय?"

मी टॉवेलाची घडी नीट करत होतो. हात आत गेला आणि क्षणभर तिथंच राहिला.

"येतो की," मी म्हणालो.