कोण कोणाचं काम करू शकतं?

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. नोकरी करता करता साठतात आणि नोकरी सुटली की आठवायला लागतात. सणसवाडीतलं आमचं छोटं वर्कशॉप बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण वरवंडच्या बाजारात दत्ता भेटला की चहा थंड होतो आणि आमच्या साहेबांचे प्रश्न निघतात. एका वाक्यात दोन प्रश्न विचारायची त्यांना खोडच होती!

*

पहिल्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "कोण काय करतं, पटापट सांगा!"

दत्ता वडगाव रासाईचा. म्हणाला, "मी पहाटं धारा काढतो, थोरला डेरीला दूध घालतो, वडील उसाला पाणी धरत्यात..." गडी सांगत सांगत लेथ मशीनवर येईपर्यंत लंचची बेल झाली.

*

एकदा कँटीनमध्ये शेवटच्या बटाटेवड्यावरून हाणामारी झाली. दुसऱ्या दिवशी चौकशी.

"कोणी कोणाला मारलं?"

"सगळ्यांनी सगळ्यांना, साहेब," दत्ता म्हणाला.

बिहारचा रामनरेश घाबरून म्हणाला, "साहब, हम तो कल छुट्टी पर थे!"

आमचे सफाईवाले आबा झाडू थांबवून म्हणाले, "मंग तुझं ऱ्हायलंय की रं!" साहेबसुद्धा हसले.

*

मग ऑर्डरी कमी झाल्या. एक माणूस कमी करा, असा वरून निरोप आला. साहेबांनी आम्हा तिघा मशीनवाल्यांना कागद दिला, 'कोण कोणाचं काम करू शकतं ते लिहा.'

ज्याचं काम दुसऱ्याला जमतं तो घरी जाणार, हे आम्ही ओळखलं. झाडू काय, कुणीही मारील. आबांच्या रिटायरमेंटला दोनच वर्षं राहिली होती, आणि त्या माणसावर आमचा फार जीव होता. कँटीनमध्ये आम्ही गुपचूप ठरवलं. आबांना मात्र सांगितलं नाही, त्यांना ती भीक वाटली असती.

साहेबांनी सगळ्यांना बोलावून कागद वाचले. लेथ : दत्ता, रामनरेश, मी. ग्राइंडर : तिघंही. सफाई : फक्त आबा. सगळ्या कागदांवर हेच!

साहेबांनी चष्मा काढला. "लेथ तिघांना येतो आणि झाडू एकालाच?"



तेवढ्यात आबा मागून पुढं आले. "त्यात काय अवघड हाय, साहेब? दोन दिसांत शिकवतो की पोरांना!"