पैकीच्या पैकी

नमुने गोळा करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण स्वतःच अस्सल नमुना असून दुसऱ्यांचे नमुने गोळा करत फिरणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या नशिबी साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. खारघरला राहतात आणि विसरण्याच्या आजारावर, अल्झायमरवर, संशोधन करतात. कुठल्या समाजाच्या रक्तात या आजाराचं कुठलं जनुक उतरतं आणि कुणाच्या मेंदूचा कुठला कोपरा आधी आकसतो, हे शोधायचं म्हणून ते लोकांचं रक्त काढतात आणि डोकी मशीनमध्ये घालतात. "आजवरचा सगळा अभ्यास गोऱ्यांच्या मेंदूवर झालाय हो!" साडू गरजतात. "त्यांचा घात करणारं जनुक आपलाही तेवढाच घात करतं का, कुणाला ठाऊक? आपल्या मेंदूचं कुणाला काही पडलेलंच नाही!" हे भाषण मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताईंनी त्यांना कोथिंबीर आणायला पाठवलं होतं आणि ते रिकाम्या हाताने परत आले होते.

या कामामुळे साडूंना एक भयंकर खोड लागली. नवा माणूस दिसला की नमस्कार-चमत्काराच्या आधी प्रश्न सुरू. "मूळ गाव कुठलं? आईचं माहेर? तिच्या आईचं? लग्न नात्यात की बाहेर?" नेरूळच्या एका लग्नात त्यांनी जेवणाच्या रांगेत एका गृहस्थांची अशी सात पिढ्यांची चौकशी केली. दुसऱ्याच दिवशी ते गृहस्थ मुलाची पत्रिका घेऊन खारघरला हजर! साडूंना मुलगी नाही, हे त्यांना पटवता पटवता ताईंच्या नाकी नऊ आले. आपण जात विचारतोय हे साडूंच्या गावीही नसतं, कारण ते शास्त्रासाठी विचारतात ना! त्यांच्या सोसायटीत मराठवाड्यातून आलेलं एक बौद्ध कुटुंब आहे. त्यातल्या कांबळेसाहेबांना साडूंनी लिफ्टमध्ये गाठलं. कांबळेसाहेबांनी सगळे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "डॉक्टर, आमच्या आजोबांनाही गावात सगळे हेच विचारायचे. फक्त तेव्हा रक्त काढत नव्हते." आता एखाद्याला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं असतं. साडू घरी येऊन म्हणाले, "त्यांची स्मरणशक्ती उत्तम दिसते."

माझंही डोकं त्यांनी सोडलं नाही. मला त्या नळकांड्यात झोपवलं, बाहेरून 'हलू नका' म्हणून दटावलं आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये फरशी फोडतात तसला आवाज कानाशी चालू केला. पुढे दिवाळीच्या फराळाला सगळं सासर जमलेलं असताना साडूंनी चकली मोडत जाहीर केलं, "यांचा मेंदू मी पाहिला. अगदीच सर्वसाधारण आहे." वर 'ही चांगली गोष्ट आहे' असंही म्हणाले, पण तोवर माझी बायको हसून हसून आडवी झाली होती.

पण साडूंच्या विद्वत्तेचा खरा डंका वाजला तो नेरूळजवळच्या करावे गावात. मशीनमध्ये घालण्याआधी म्हाताऱ्या माणसांची तोंडी परीक्षा घ्यायची असते. आज वार कोणता, घड्याळ काढून दाखवा, असले प्रश्न. मूळ परदेशी परीक्षेत तिकडच्या कुठल्याशा पुढाऱ्याचं नाव विचारलं होतं. साडूंनी बुद्धी लढवून तो प्रश्न काढला आणि त्या जागी आपला देशी प्रश्न घातला. बायकांसाठी, 'तुमच्या यजमानांचं नाव सांगा.' "हे तरी कुणीही सांगेल की नाही?" असं वर मलाच विचारलं.

करावे गावच्या म्हाताऱ्यांनी वार सांगितला, घड्याळ काढलं आणि या प्रश्नापाशी आल्यावर एकजात सगळ्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक आजी तर रागावलीच. "इतक्या मान्सांत नाव कसा घेऊ? लाज हाय का नाय तुला?" साडूंनी तिला शून्य दिलं. सगळ्यांनाच शून्य दिलं! नवऱ्याचं नावसुद्धा आठवत नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. या गावात काहीतरी वेगळंच जनुक असणार, म्हणून साडू हरखून गेले. जेवताना हे ऐकून ताईंनी वाढता वाढता डोक्याला हात लावला. "अहो, जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेतात का कधी? तुमच्या आईने घेतलंय?" त्यावर साडू म्हणाले, "शास्त्रात लाज नावाचा रकाना नाही."

आणि ही त्यांची आई कोण? माई! माईंचे यजमान नारायणराव जाऊन किती वर्षं झाली, पण माईंच्या तोंडून ते नाव कधी बाहेर पडलं नाही. रेशनच्या ऑफिसात कारकुनाने नाव विचारलं तेव्हा माईंनी शेजारणीला पुढे केलं होतं. नाव तर सोडाच, घरी सत्यनारायण असला तरी माई 'पूजा आहे, प्रसादाला या' एवढंच म्हणायच्या, कारण पूर्ण शब्द उच्चारला तर त्यात यजमान सापडायचे! हे सगळं साडू लहानपणापासून पाहत आले होते. पाहत म्हणजे आपलं त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

गेल्या वर्षापासून माईंचं काहीतरी बिनसत चाललं होतं. चहात मीठ पडायचं. सकाळी जेवून उठल्या की 'आज जेवायला नाही का?' विचारायच्या. दोनदा जिन्यात उतरून उभ्या राहिल्या आणि आपलं दार कुठलं ते आठवेना. ताई काकुळतीला आल्या होत्या. "गावभराची डोकी तपासता, घरातलं एक बघा ना!" साडू मात्र उडवून लावायचे. "वय झालं की होतं थोडं. आमच्याकडे तसलं काही नाही." हे बोलताना त्यांची नजर इकडेतिकडे पळायची. माणूस घाबरला होता. या आजाराचं पुढे काय काय होतं हे त्यांच्याइतकं आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी एका रविवारी आम्ही जेवायला गेलो असताना ताईंनी हट्टच धरला. साडूंनी माईंना समोर बसवलं आणि गमतीगमतीत परीक्षा सुरू केली. माईंनी वार बरोबर सांगितला. घड्याळही बरं जमलं. साडूंना जोर चढला. "आता सांगा, तुमच्या यजमानांचं नाव काय?"

"नारायण!" माई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "त्याची आई त्याला नाऱ्या म्हणते."

"पैकीच्या पैकी!" साडूंनी टाळीच वाजवली. "बघा! मी काय सांगत होतो? सगळं स्वच्छ आठवतंय! जिलबी मागवा कुणीतरी!" इतका आनंदलेला माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता.  ताई मात्र उठून आत गेल्या. मी मागोमाग गेलो, तर त्या नळ सोडून तशाच उभ्या होत्या.

"गेल्या हो आमच्या माई," त्या म्हणाल्या. "मी या घरात आल्यापासून एकदा नाव घेतलं नाही त्यांनी. बाबांना अग्नी द्यायला नेलं तेव्हासुद्धा 'अहो' म्हणूनच रडल्या. आणि आज 'त्याची आई त्याला नाऱ्या म्हणते'! कुणा शेजारच्या पोराचं सांगावं तसं सांगितलं."

साडू स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलंच नाही. "पण मार्क तर..." एवढंच म्हणाले. मग खाली बसले. ओट्याला टेकून, तिथेच, फरशीवर. मी या माणसाची आयुष्यभर टर उडवली आहे, पण तेव्हा त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या आठवड्यात माईंचं डोकं मशीनमध्ये गेलं. लोकांच्या मेंदूंची चित्रं भिंगातून पाहणाऱ्या साडूंनी ते चित्र मात्र दुसऱ्या डॉक्टरांना वाचायला दिलं आणि स्वतः बाहेर बाकावर बसून राहिले. जे निघायचं तेच निघालं. करावे गावच्या आजीबाईंची शून्यं त्यांनी खोडली, प्रश्नही काढून टाकला. घरी मात्र तो अजून चालू आहे.

संध्याकाळी माईंना गॅलरीत बसवून, केस विंचरून झाले की साडू खुर्ची ओढून समोर बसतात आणि हळूच विचारतात, "माई, यजमानांचं नाव काय हो तुमच्या?" आणि तोंडाकडे बघत राहतात. माईंनी लाजावं, पदर ओढावा, 'चल, काहीतरीच विचारतोस' म्हणून दटावावं, एवढीच त्यांची अपेक्षा असते. माई लगेच हसून नाव सांगतात. साडू "शाब्बास" म्हणतात आणि उठून आत जातात.