जाखमातेची तांबडी

ठकुबाईला भ्यायला कारण लागत नसे. वेल्ह्याकडच्या आमच्या वस्तीवर घारीची सावली अंगणावरून सरकली, की कोंबड्यांआधी तीच घरात पळे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून आम्ही शेजारी तिला चिडवायचो. एकेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मात्र कुणी चिडवलं नाही. तिची धाकटी लेक बनाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि थोरली याच घरात बाळंत होताना गेली होती.

बना आली त्याच दिवशी ठकुबाईनं जाखमातेला नवस बोलला. लेक हातीपायी सुटू दे, तुला कोंबडी देईन. कोंबडी निवडली तांबडी. स्वभावानं गरीब, अंड्याला कधी न चुकणारी. नवसाची कोंबडी मुंगसानं नेली तर देवी लेकीवर कोपेल, या धास्तीनं ठकुबाईनं तिच्या पायाला सुतळी बांधली आणि बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत खुंटीला अडकवली. बनालाही तिथंच ठेवलं. दोघींनी उंबरा ओलांडायचा नाही.

थोड्याच दिवसांत तांबडीचं अंडं बंद झालं. भांडं वाजलं तरी ती भिंतीवर आदळे, स्वतःचीच पिसं उपटे. देवीला नवस रुचला नाही, असंच ठकुबाईनं धरलं. तिनं सुतळी आखूड केली, कोंबडीला अंगारा लावला, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. तांबडी आणखीच बिथरली.

"बाकीच्या उकिरडा उकरत्यात, अन् हिला एकलीला डांबलीस," नवरा म्हादू म्हणाला. "येडी न्हाई तर काय व्हईल?"

"सोडली अन् गेली तर? मग लेक कुठनं आणू?"

म्हादू उठून बाहेर गेला. थोरलीची तिरडी त्यानंच बांधली होती.

एका दुपारी ठकुबाई पेज घेऊन आत गेली आणि हातातलं झाकण पडलं. तांबडी उडाली, सुतळीचा हिसका बसून उलटी लोंबली. ठकुबाईनं बनाकडे पाहिलं. बनाही पोट झाकून कोपऱ्यात थरथरत होती.

"आये, हितं समदं तुजंच भ्या भरलंय," बना म्हणाली. "आमा दोघींना सोड."

ठकुबाई रडू लागली. हिसक्यांनी आवळलेली गाठ सुटेना. शेवटी विळ्यानं सुतळी कापली. तांबडी अंगणात जाऊन धुळीत लोळली. बना आंब्याखाली बसली. ठकुबाई काठी घेऊन दिवसभर आभाळाकडे बघत उभी राहिली, अन् पुढेही रोज तशीच राहिली.

बनाला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

नवस फेडायला ठकुबाई वस्तीच्या कडेच्या जाखमातेकडे एकटीच गेली. सुरी नेली नव्हती. तांबडीला तिनं देवीपुढं मोकळी ठेवली.

"तुजी तुला आणली. पर आता म्या बांदायची न्हाई. ऱ्हायली तर तुजी."

तांबडीनं दोन दाणे टिपले आणि घराकडे निघाली. मागून ठकुबाई. देवीकडे वळून बघायचा तिला धीर झाला नाही. पण तिनं तांबडीला धरलं नाही.