सपाटीवर पास झालेला ब्रेक

वायव्य सरहद्दीवरच्या डोंगरी छावणीत माझी बदली झाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. हुद्दा लान्स नाईक, काम फिटर, खातं मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट. बंदूक नावापुरती, हातात पाना. आमच्याकडे बावीस लॉऱ्या होत्या. त्या आटा, तेल, दारूगोळा आणि टपाल घेऊन खिंडीपलीकडच्या ठाण्यांना जात आणि उजेड असतानाच परत येत. त्या चालत्या ठेवणं हे माझं काम.

हे मी सोलापूरच्या लोकांसाठी लिहितो आहे. फौजेतून माणूस परत आला की पारावरचे लोक विचारतात, पठाण किती मारलेस? एकही नाही. माझ्या हातच्या कामानं एक माणूस मेला, आणि तो पठाण नव्हता. आपल्याच होटगीचा होता. ते कसं घडलं ते सांगतो. वाचताना कुणी म्हणेल, नशीब. नशिबाला या लेखात मी जागा ठेवलेली नाही. जिथं माणसानं करायचं ते केलं नाही, तिथं नशिबाचं नाव घेणं ही आपली जुनी पळवाट आहे.

सुरुवात सोलापुरातूनच करावी लागेल. आमच्या घरामागं पत्र्याची एक शेड आहे. वडील कापडाच्या गिरणीत मागांचे पट्टे सांधायचे. छताखालच्या फिरत्या दांड्यावरून प्रत्येक मागाला चामड्याचा जाड पट्टा येतो. तो तुटला की माग थांबतो आणि मुकादम आई-बहिणीवर येतो. झिजलेले पट्टे वडील घरी आणत. त्यातून चपलांचे तळ निघायचे, मोटेला ठिगळं निघायची. सिद्रामनं त्यातून ब्रेक काढला.

माझा दोस्त सिद्राम उतारूंची मोहोळ-सोलापूर सर्व्हिस मोटार चालवायचा. मोटार मालकाची, तिची दुखणी सिद्रामची. ब्रेकचं अस्तर, ज्याला लायनिंग म्हणतात, ते झिजलं की मुंबईहून यायला महिना लागे आणि तोवर मालक म्हणे, चालव तशीच. सिद्राम तशीच चालवणारा नव्हता. तो मोटार आमच्या शेडमध्ये घेऊन आला. आम्ही पट्टा भिजवला, ब्रेकच्या लोखंडी पट्टीवर वाकवून बांधला, दोन दिवस सावलीत सुकू दिला आणि तांब्याच्या रिवेटांनी ठोकला. रिवेटांची डोकी आत बुडवली. चार महिने चालला. मग दुसऱ्या मोटारी येऊ लागल्या. आमच्या शेडचं नाव झालं.

सोलापूर-मोहोळ रस्ता परातीसारखा सपाट. तपासणीची आमची रीतही सपाटीचीच. मोटार मोकळ्या माळावर न्यायची, भरधाव सोडायची, ब्रेक दाबायचा. दोन मोटारींच्या लांबीत थांबली की पास. थांबल्यावर चाकातल्या ड्रमला, म्हणजे अस्तर ज्यावर घासतं त्या लोखंडी डब्याला, हात लावून बघावं, हे आम्हाला कधी सुचलं नाही. सपाटीवर तो तापतच नाही. जे तापत नाही त्याची भीती कुणी शिकवली नाही, आणि आम्ही स्वतः शिकलो नाही.

भरती दोघांनी बरोबर केली. फौजेला मोटार कळणारे लोक हवे होते. सिद्राम ड्रायव्हर झाला, मी फिटर. वर्षभरानं दोघांची रवानगी त्या छावणीत झाली.

दिनक्रम असा. साडेपाचला फॉल-इन. सहाला इन्स्पेक्शन. सात वाजता डोंगरमाथ्यावरच्या चौक्यांत शिपाई चढले की हेलिओ चमके, म्हणजे आरशानं उन्हाचा इशारा येई : रस्ता खुला. मग कॉन्व्हॉय, म्हणजे लॉऱ्यांचा तांडा, निघे. खिंडीपर्यंत चढ, खिंडीनंतर चार मैलांचा उतार. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. खिंडीत थांबायचं नाही, हा कायमचा हुकूम. थांबलेल्या लॉरीवर वरून गोळी येते. हा हुकूम बरोबर होता. तेही लिहिलं पाहिजे.

सिद्रामची लॉरी नंबर चौदा. तिचं लायनिंग रिवेटांपर्यंत झिजलं. मी इंडेंट, म्हणजे स्टोअरला मागणीचा कागद, भरला. परत आला, माल नाही. पुन्हा भरला. माल नाही. तिसऱ्यांदाही तेच. स्टोअरमध्ये बुटांच्या पॉलिशच्या पेट्या छताला लागल्या होत्या. मेसच्या टेबलांचे पांढरे कपडे कधी कमी पडले नाहीत. लॉरी थांबवायची वस्तू तेवढी त्या राज्यात कुठं मिळत नव्हती.

मग एक बडे साहेब पाहणीला येणार असं कळलं. कॉन्व्हॉय पुऱ्या बारा लॉऱ्यांचा दिसला पाहिजे, आणि बावीसांतल्या दहा आधीच दुरुस्तीला उघड्या पडल्या होत्या. वर्कशॉपचे कॅप्टनसाहेब सकाळी नऊला शेडमध्ये आले. बरोबर जमादारसाहेब.

"चौदह नंबर कल चलेगा," कॅप्टन म्हणाले.

मी म्हणालो, लायनिंग नाही.

"कैसे चलेगा, वो तुमारा काम."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. किंवा सरळ नाही म्हणायला हवं होतं. फार तर दोन दिवस कोठडी मिळाली असती. पण मला माझ्या शेडचा अभिमान होता. मी म्हणालो, साहेब, आमच्या सोलापुरात चामडं लावतात. पंपाचा एक निकामी पट्टा पडलाय.

"लगाव," ते म्हणाले, आणि घड्याळ बघत गेले. कागदावर काही नाही. फक्त एक शब्द.

दिवसभर मी तेच काम केलं. चामडं सुकायला दोन दिवस लागतात. मी ते भट्टीजवळ दुपारपर्यंत सुकवलं. चार वाजता सिद्रामनं लॉरी परेड ग्राउंडवर काढली, भरधाव सोडली, ब्रेक दाबला. दीड लॉरीच्या लांबीत थांबली. तो खाली उतरून हसत आला.

"नरशा, लई भारी बसलंय की. ह्ये पट्टं आख्खी गिरणी फिरवतंय, एक लॉरी थांबवंना व्हय?"

मी म्हणालो, उद्या जरा दमानं घे.

"दमानंच घेतो रं. तुज्यासारखी लगीनघाई न्हाय मला." माझं लग्न ठरत होतं आणि मोडत होतं, त्यावर त्याचा हा रोजचा टोमणा होता.

मी वर्कशॉपच्या वहीत लिहिलं : नंबर चौदा, ब्रेक पास. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सात दहाला निघालो. सिद्राम सगळ्यांत पुढं, कारण उतारावर त्याच्याइतकं सावध कुणी नव्हतं. त्याच्या शेजारी एस्कॉर्टचा, म्हणजे पहाऱ्याचा, डोगरा शिपाई करमचंद. मी दुसऱ्या लॉरीत बसलो, माझं काम चालताना बघायचं म्हणून. माझ्या बाजूला कॉन्व्हॉयचा हवालदार. चढ सुरळीत गेला. नऊ चाळीसला खिंड ओलांडली.

उताराच्या पहिल्या मैलात वास आला. चुलीत चप्पल पडल्यावर येतो तसा. दुसऱ्या वळणावर पुढच्या लॉरीच्या चाकांतून निळसर धूर दिसला. मी हवालदाराला म्हणालो, हॉल्ट करा, चौदाचे ब्रेक जळतायत.

"खिंडीत हॉल्ट नाही. ऑर्डर आहे."

मी भोंग्यावर हात ठेवला. त्यानं तो उचलून बाजूला केला.

तिसऱ्या वळणावर चौदा नंबर आमच्यापासून सुटली. इंजिनाचा आवाज एकदम चढला. तो मी ओळखला. ब्रेक लागेनासे झाले होते. सिद्राम दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात यायला बघत होता आणि पहिला बसत नव्हता. दोन्हींच्या मध्ये लॉरी मोकळी झाली. दोन टन आटा मागून ढकलत होता.

खाली रस्त्यावर खेचरांची एक लांब रांग वर येत होती. प्रत्येक खेचरामागं माणूस.

सिद्रामनं भोंगा धरला तो सोडला नाही. करमचंदला त्यानं हाक मारली, "कूद!" करमचंदनं कड्याच्या बाजूला उडी मारली आणि तो पाय मोडून पडला. भोंगा ऐकून खेचरवाले रस्ता सोडून दगडांवर चढू लागले, पण सगळ्यांना चढणं शक्य नव्हतं. रांगेपासून साठ-सत्तर पावलं असताना सिद्रामनं चाक कड्याकडे फिरवलं. लॉरी गटारात गेली, कड्यावर चढली आणि उलटली. भोंगा थांबला. वेळ नऊ अठ्ठावन्न.

आम्ही पोचलो तेव्हा तो गेलेला होता. मी मागचं चाक उघडलं. ड्रमला बोट लावता येईना. आत चामड्याच्या जागी कोळसा होता. खेचरवाल्यांतला एकही माणूस जखमी नव्हता. वरच्या चौकीनं छावणीला हेलिओ दिला. त्यातले शब्द मला नंतर सिग्नलवाल्यानं सांगितले : लॉरी उलटली. एक ठार. रस्ता खुला.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसलं. तंबूत तीन अधिकारी. मी सगळं सांगितलं. तीन इंडेंट. चामडं. कॅप्टनसाहेबांचा हुकूम.

"लेखी हुकूम आहे?" मला विचारलं.

नाही, म्हणालो. कॅप्टनसाहेब समोरच बसले होते. ते म्हणाले, मला असं काही आठवत नाही. जमादारसाहेब तंबूच्या खांबाकडे बघत उभे होते.

दुपारी टाइप केलेला जबाब माझ्यापुढं आला. इंग्रजी मला लागेल तेवढं वाचता येतं. त्यात चामडं नव्हतं. इंडेंट नव्हते. करमचंदनं हॉस्पिटलातून सांगितलेलं भोंग्याचं काहीच नव्हतं. फिटरनं ब्रेक तपासून पास केले होते, आणि ड्रायव्हरनं उतारावर गिअर चुकवला, एवढंच. म्हणालो, हे माझं बोलणं नाही. जमादारसाहेबांनी मला बाहेर नेलं.

"जवान, चमडा लिखवाएगा तो किसने लगाया? तूने. पास किसने किया? तूने. मरनेवाला तो मर गया."

मी सही केली.

हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. कॅप्टनला मी खोटारडा म्हणतो, आणि तो खोटारडा होता. जमादाराला भित्रा म्हणतो. पण त्या कागदाच्या तळाशी नाव माझं आहे. सिद्रामला पुढं माणसं दिसली आणि त्यानं चाक फिरवलं. मला पुढं कोठडी दिसली आणि मी पेन उचललं.

होटगीला पत्र गेलं : चालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात. सिद्रामची आई एकटी, कानडी-मराठी बोलणारी, वाचता न येणारी. तिनं पत्र चावडीवर नेलं. तलाठ्यानं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. त्या दिवसापासून सिद्राम गावात गाडी घालवलेला ड्रायव्हर झाला.

मी फौजेतून सुटून सोलापूरला परत आलो. शेड पुन्हा उघडली. पहिल्याच आठवड्यात तुळजापूरच्या सर्व्हिस मोटारीचा एक मालक आला. मागचं चाक आवाज करत होतं. चाक काढलं तर आत गिरणीचा पट्टा. ही मोटार देवीला जाऊन येणारी बायकापोरं भरून घाटानं खाली उतरते. मी विचारलं, हे कुणी लावलं?

"समदेच लावत्यात की," मालक म्हणाला. "आन् म्हाराज, शोध तर तुमचाच म्हनत्यात. तुमी आन् तो होटगीचा, गाडी घालवली तो."

मी पट्टा तिथंच छिन्नीनं उपटला. मालक ओरडत राहिला. अस्तर येईपर्यंत मोटार माझ्या दारात उभी राहील असं सांगितलं, आणि तो पोलिसांकडे जातो म्हणाला तेव्हा जा म्हणालो. आजही जे लोक घाटाच्या मोटारीला पट्टा ठोकतात आणि वर कौतुकानं सांगतात, बघा कसं भागवलं, त्यांना माझं उघड सांगणं आहे. भागवणं ही अक्कल नाही. ज्याला माल द्यायचा आहे तो देत नाही, कारण आपण भागवतो. साहेब कागद देत नाही, कारण आपण तोंडी हुकमावर राबतो. आणि शेवटी भागतं ते दुसऱ्याच्या जिवावर.

दुसऱ्या दिवशी मी होटगीला गेलो. सिद्रामची आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं मला ओळखलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, चामड्यापासून सहीपर्यंत. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

मग म्हणाली, "ह्ये हितं मला कशाला सांगतूस तम्मा? माजा पोरगा कसा हुता ते मला ठावं हाय. चावडीवर वाचलं त्यांनी. तितं सांग."

चावडीवर पाटील, तलाठी, स्टेशनचे दोघं-तिघं आणि बाकी गाव होतं. अव्वा खांबाजवळ खाली बसली. वेळ साधारण अकराची. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मधे एकजण म्हणाला, दोस्त हाय, दोस्ताची बाजू घेनारच. मी म्हणालो, मी बाजू घेत नाही, गुन्हा कबूल करतो आहे. तलाठी म्हणाले, सरकारी पत्र आहे, मला बदलता येणार नाही. म्हणालो, पत्र बदलू नका. तुम्ही वाचलंत तेवढ्याच मोठ्यानं हेही वाचा. मी लिहून आणलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं :

"ड्रायव्हर सिद्राम, राहणार होटगी. ब्रेक निकामी झाल्यावर सोबत्याला उतरवलं, भोंगा देऊन रस्ता मोकळा केला, समोरची माणसं वाचवण्यासाठी लॉरी कड्यावर घातली आणि ठार झाला. त्याची चूक नव्हती. वरिष्ठांनी अस्तर दिलं नाही. खोटा ब्रेक फिटरनं बसवला आणि पास केला. फिटर मी."

अव्वा उठली. पदर सारखा केला. "आता बरूबर वाचलं," म्हणाली, आणि घराकडे निघाली.

मी तिच्या मागं दारापर्यंत गेलो. आमच्या मुलखात उन्हातून आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात. तिनं मला विचारलं नाही. मी बाहेर थोडा वेळ उभा राहिलो आणि स्टेशनकडे चालू लागलो.